मातीला सगळे येतात, त्याआधी कोण येतं?

प्रति,
पास्टरेट कमिटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सर्व सभासद
आणि मंडळीतले बंधुभगिनी

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चची वार्षिक सभा जवळ आली आहे. अजेंडा नेहमीचाच असणार: मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, कंपाउंडची भिंत, कोर्टातल्या तारखा आणि सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्या शेवटच्या मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मी सभा चपला शोधत असते. म्हणून माझा विषय आधीच लेखी मांडते आहे, आणि बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर मांडते आहे. आपल्या मंडळीची कामं पाच-सहा माणसांच्या गळ्यात आहेत आणि बाकीच्यांना मदत मागायची सोय नाही. हे दोन विषय वाटतात, पण माझ्या मते दुखणं एकच आहे. जिथे मागायची लाज वाटते तिथे कामं वाटलीही जात नाहीत, कारण काम वाटून देणं म्हणजे ‘मला एकट्याला हे झेपत नाही’ असं चारचौघांत कबूल करणं.

आधी आपल्या बाजूचं जे खरं आहे ते लिहिते. मयत झाली की आपली मंडळी कशी धावते हे नगरमध्ये परक्यांनीही पाहिलं आहे. तासाभरात दारात खुर्च्या येतात. तरुण पोरं कुदळ-फावडी घेऊन कबरस्तानात पोचतात. सुतार पेटीच्या मापाला लागतो. कुणी न सांगता पाहुण्यांच्या चहाचं पातेलं चढतं आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या घरची चूल आपण पेटू देत नाही. रात्रभर गीतं म्हणून घसे बसतात, तरी उठून जात नाही कुणी. हार्वेस्टलाही, म्हणजे सुगीच्या सणालाही, तसंच. वस्तीवरून ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या, अंडी येतात, आणि लिलावात एकेका नारळावर जी बोली चढते ती ऐकून मार्केट यार्डातल्या अडत्यानेही तोंडात बोट घालावं. ज्याने नारळ घेतला तोच तो परत लिलावात ठेवतो, वर हसतो. देताना हात आखडता घेणारी मंडळी नाही ही.

अडचण मधल्या दिवसांची आहे.

आपल्यातल्या एका घरी (कोणतं ते सांगत नाही, तर्कही लढवू नका) कर्त्या माणसाला पक्षाघात होऊन बरेच महिने झाले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मग दोन गुडघ्यांमध्ये उशी. हे सगळं त्यांची बायको एकटी करते आणि अंगाने ते तिच्या दीडपट आहेत. आम्ही महिला मंडळाच्या आठजणी भेटायला गेलो होतो. दोन गीतं झाली, शास्त्रवाचन झालं आणि त्या बहिणीला शक्ती मिळावी म्हणून प्रार्थना सुरू झाली. बहीण त्या वेळी आत गॅसपाशी होती. आठ कपांचं आधण ठेवून, साखर कमी पडली म्हणून मुलाला शेजारी पिटाळत होती. प्रार्थना लांबली, चहा उतू गेला. आम्ही चहा घेतला, ‘काही लागलं तर सांग हं’ असं एकेकीने दारात म्हटलं आणि निघालो.

‘काही लागलं तर सांग.’ हे म्हटलं की म्हणणारी मोकळी होते. आता काय मागायचं, कुणाकडे मागायचं, ते कमिटीत किती चघळलं जाईल, हे सगळं त्या बाईने ठरवायचं, तेही चार तास सलग झोप नसताना. नंतर एकदा मी एकटीच गेले तेव्हा तिला काय हवंय ते कळलं. रविवारी सकाळी दोन तास कुणीतरी नवऱ्याजवळ बसावं, म्हणजे तिला उपासनेला येता येईल. पैशाचं नावही काढलं नाही तिने. इकडे रविवारच्या नोटिसांत मात्र त्यांच्या नावापुढे ‘प्रार्थनेत आठवण ठेवावी’ एवढं दर आठवड्याला वाचलं जात होतं, आणि ती ऐकायला तिथे नव्हती.

आपण मागत का नाही? ‘ख्रिस्ती माणूस स्वाभिमानी असतो’ हे उत्तर तयार असतं. मला त्याचं मूळ जरा खोल वाटतं. अमेरिकन मराठी मिशनचे धर्मप्रसारक मुंबईला १८१३ मध्ये आले, नगरला १८३१ मध्ये. पुढे १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या धान्यावर, मिशनने काढलेल्या कामांवर तगलेली घरं आपल्यात थोडी नाहीत. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली दुष्काळी भागातूनच उचलून आणल्या. जीव वाचला, पण ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा मागे लागला. आपल्या आज्या-पणज्यांनी तो विहिरीवर ऐकला, बाजारात ऐकला. त्यावर त्यांनी एकच औषध शोधलं: शिकायचं, मास्तर व्हायचं, नर्स व्हायचं आणि पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही. त्या औषधाने आपली घरं उभी राहिली, हे नाकारणारी मी कोण? पण औषध चार पिढ्या घेत राहिलं की तेच अंगात मुरतं.

दुसरी गोष्टही त्याच काळातली. शाळा, बोर्डिंग, दवाखाना, पाळकाचा पगार, चर्चच्या छपराची कौलं, सगळं मिशनचे साहेब बघायचे. मिशनच्या छत्राखालून निघून आपल्या लोकांनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं ही तळमळ रेव्हरंड ना. वा. टिळकांना शंभर वर्षांपूर्वी होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीच सोडली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, गोरे साहेब आपापल्या देशी गेले. ‘साहेब बघतील’ हे मात्र इथेच राहिलं. आता ते साहेब म्हणजे पाळकसाहेब, नाहीतर सेक्रेटरीसाहेब. घरातलं दुखणं कुणाला कळू द्यायचं नाही आणि चर्चचं दुखणं वरचा कुणीतरी बघेल, अशा दोन्ही सवयी आपण एकाच वेळी सांभाळतो. खरं तर आपली मूळ घडण काँग्रिगेशनल. सभासदांनी एकत्र बसून आपला कारभार आपण ठरवायचा, ही आपल्या पूर्वजांची रीत. वार्षिक सभा म्हणजे त्याचीच खूण आहे, नुसती जेवणाआधीची अडगळ नाही.

शास्त्रात, म्हणजे बायबलात, मागण्याची लाज मला तरी कुठे सापडत नाही. ‘सगळं एकट्याने करू नकोस, कामं वाटून दे’ हा इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला दिलेला सल्ला आपण दर दोन वर्षांनी उपदेशात ऐकतो, माना डोलावतो. तो सोडून देते. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय बघा. पौल कैदेत आहे, मरण समोर दिसतं आहे. विश्वास राखल्याचं, धाव संपवल्याचं ते मोठं वचन आपण कबरीच्या दगडांवर कोरतो. त्याच्या जरा खालीच तो लिहितो की त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिला आहे तो येताना आण, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आधी ये. एवढा प्रेषित, पण थंडी वाजेल हे लिहायला त्याला कमीपणा वाटला नाही. काय हवं, कुणाकडे आहे, कधीपर्यंत पाहिजे, सगळं नीट सांगितलं. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूनेच तिघा शिष्यांना ‘माझ्याबरोबर जागे राहा’ म्हटलं. ते झोपले ही गोष्ट वेगळी. मागितलं आणि मिळालं नाही, म्हणून त्याने मागितलं हे काही खोटं होत नाही.

आता कामांचं बोलते. कमिटीच्या निवडणुकीत आपल्याकडे जी चुरस असते ती ग्रामपंचायतीला लाजवेल. पॅनल पडतात, भावकी एकत्र येते, फोन फिरतात. निकाल लागला की सतरंज्या उचलायला मात्र तेच दोघे. पेटी वाजवणारा एक, माइक लावणारा एक, पावतीपुस्तक सांभाळणारे एक. ते खजिनदार मध्ये दवाखान्यात होते तर महिन्याचं दानार्पण बँकेत भरायचं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत द्राक्षारस वाटायचे, पेले बघा. काचेचे इवलेसे पेले, त्यांत बोट जात नाही, म्हणून फडक्याची वात करून एकेक पुसावा लागतो. शंभराच्या वर पेले. कित्येक वर्षं ते काम एकाच आजींकडे आहे. वय झालं, हात थरथरतात. पण कुणाला शिकवा म्हटलं तर ‘आजकालच्या मुली फोडतात’ हे उत्तर ठरलेलं. रागावू नका आजी, पण तुमच्यासारखे आपल्याकडे बरेच आहेत. काम कुणी करत नाही अशी तक्रार करायची आणि कुणी करायला आलं की त्याच्या हातातून ते काढून घ्यायचं. चाव्या कमरेला लावून फिरणाऱ्यांनी ‘मदतीला कुणी येत नाही’ म्हणू नये.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय यासाठीच परत वाचावा असं मला वाटतं. यरुशलेमातल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची आबाळ होते. बारा प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका, प्रार्थना करा’ असं सांगितलं नाही. तक्रार खरी मानली, सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सांगितलं, तुम्हीच सात माणसं निवडा. निवडलेल्यांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांच्या बायकांना ताटात कमी पडत होतं, पळी त्यांच्याच हातात दिली. आपल्याकडे उलटं आहे. चर्चच्या कंपाउंडातल्या घरांना काय हवं ते कंपाउंडातले ठरवतात आणि वस्तीवरच्या घरांना काय हवं तेही कंपाउंडातलेच ठरवतात. हार्वेस्टला पोती वस्तीवरून येतात, पण मदत निधीतून कुणाला काय द्यायचं त्या चर्चेत वस्तीवरचं एकही माणूस नसतं. बायकांचं वेगळं सांगायला नको. आजारपण, बाळंतपण, म्हाताऱ्यांचं करणं याची खडान्खडा माहिती ज्यांना असते त्या कमिटीत नावापुरत्या.

पाळकसाहेबांबद्दल चार शब्द लिहिते. त्यांना अवघडल्यासारखं होईल, त्यांनी क्षमा करावी. त्यांच्याकडे आपलं चर्च आणि त्याशिवाय खेड्यावरच्या उपासना. लग्न, बाप्तिस्मा, माती, घरभेटी ही त्यांची सेवा, तिला कुणाची ना नाही. पण अॅडमिशनसाठी चिठ्ठी, बंद पडलेली बोअर, भावाभावांतलं भांडण, दवाखान्यातलं बिल कमी करून घेणं, रात्री साडेअकराला ‘साहेब, पोरगं अजून घरी आलं नाही’ हेही त्यांच्याकडेच. पाळकीणबाईंना तर पगाराविना दुसरा पाळकच करून टाकलाय आपण. महिला मंडळ त्यांनी चालवायचं, पाहुणे त्यांनी जेवू घालायचे आणि साडी जरा बरी नेसली तर चर्चाही त्यांचीच. साहेबांना ताप आला तर आपण पुढच्या रविवारी उपदेशाला कोण एवढंच विचारतो. त्यांनी कमिटीपुढे ‘मला हे झेपत नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? बदलीचा अर्ज आपणच लिहून दिला असता. तेव्हा मागणं शिकायचं असेल तर ज्यांच्याकडे आपण सगळे मागतो त्यांना आधी मागू द्यावं लागेल. सोमवार त्यांचा. सोमवारी मयतीखेरीज दार वाजवायचं नाही, असं सभेने ठरवावं आणि कमिटीने पाळून दाखवावं.

बाकी माझं म्हणणं असं. सभेत हिशेबाबरोबर कामांचीही यादी वाचली जावी: कोणतं काम, कोण करतं, किती वर्षं. वाचताना एकच नाव सहा वेळा आलं की वेगळं भाषण करावं लागणार नाही. मग प्रत्येक कामाला जोडी असावी, एक जुनं माणूस आणि एक नवं. आणि दोन वर्षांनी जुन्याने हसतमुखाने बाजूला व्हावं. पेले फुटतील. फुटू देत, नगरच्या बाजारात मिळतात.

मदत मागायला एक बाई आणि एक बाबा नेमावेत. ते कमिटीतले नसावेत, कुणाच्या पॅनलचे नसावेत आणि तोंडाचे घट्ट असावेत. शेवटची अट सगळ्यात अवघड, जाणते मी. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, वाचली जाणार नाही, प्रार्थनेच्या वेषातही नाही. आपल्याकडे अर्ध्या चहाड्या ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणूनच होतात. मदत निधीचा हिशेब रकमेने मांडावा, नावाने नको. आणि घरभेटीला आठजणींनी जायचं बंद करू या. दोघी जा, चहा थर्मासमधून न्या, गीत एक म्हणा, आणि निघायच्या आधी एक काम करून या: धुणं वाळत घाला, रेशन आणून द्या, आजारी माणसापाशी तासभर बसून त्या घरच्या बाईला झोपू द्या. ‘काही लागलं तर सांग’ऐवजी ‘गुरुवारी चार वाजता मी येतेय, तू बाहेर जाऊन ये’ असं म्हणा.

पुण्या-मुंबईला, आखातात गेलेल्या आपल्या मुलांचंही लिहायला हवं. ती नाताळला येतात, पाकीट देतात, फोटो काढतात. त्यांचे आईबाप इथे जिना चढताना कठडा धरून उभे असतात. या मुलांकडून पैशापेक्षा वेळ मागावा. दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरची वेळ घेणं ही कामं दुबईत बसूनही होतात. दोन-दोन म्हातारी घरं एकेकाच्या नावावर लावून दिली तरी पुष्कळ झालं.

सभेत एकजण उठणार हे मला माहीत आहे. ‘एकदा दिलं की सवय लागते’ म्हणणार आणि दुसऱ्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं ‘काम करायची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये’ हे ऐकवणार. बंधू, ते इच्छा नसणाऱ्याबद्दल आहे, ताकद नसणाऱ्याबद्दल नाही. आणि पहिल्या मंडळ्या भोळ्या नव्हत्या. पहिले तीमथ्य, पाचव्या अध्यायात विधवांच्या यादीचे नियम आहेत: साठ वर्षांच्या आतली नको, घरचं कुणी असेल तर आधी त्याने सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये. म्हणजे यादी होती, चौकशी होती आणि त्यानंतर मदतही होती. आपण चौकशीवर थांबतो. गलतीकरांस पत्रात ‘एकमेकांची ओझी वाहा’ आणि दोन-तीन ओळींवर ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी आहेत. दुसरं आपल्याला तोंडपाठ असतं.

मागण्याबद्दल एवढं लिहिलं आहे तर सुरुवात मीच करते. संडे स्कूलच्या लहान वर्गाला माझ्या जोडीला कुणीतरी हवं आहे. खाली बसून उठताना गुडघे धरतात आता. पेटी येत असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल, मुलं कुठल्याही सुरात गातात. रविवारी सकाळी साडेआठला यायचं. दुसरं, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवून होतो म्हणतात. मला ते जमत नाही आणि माझ्याबरोबरच्या आणखी काही निवृत्त शिक्षकांनाही जमत नाही. युवक संघातल्या कुणीतरी एक शनिवार पॅरिश हॉलमध्ये बसून आमचे सगळ्यांचे दाखले काढून द्यावेत. आधार कार्ड आणि पेन्शनचे कागद आम्ही घेऊन येऊ.

आणि तिसरं, त्या घरच्या रविवारसाठी. महिन्याच्या चार रविवारांना चार नावं हवी आहेत, तीन जमली आहेत. चौथं नाव बंधूंपैकी कुणाचं तरी मिळालं तर बरं, कुशीवर वळवायला ताकद लागते. कसं वळवायचं ते त्यांच्या पत्नी दाखवतील, दोनदा केलं की जमतं. उपासनेनंतर दारापाशी मला सांगा.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतली एक बहीण